मार्कर हरायचा तेव्हा

माझी जुनी रॅकेट मोडली तेव्हा पहिला संशय मी तिच्यावरच घेतला. दोन वर्षं वापरलेली वस्तू एका साध्या फटक्यात, भिंतीला जेमतेम घासून मानेत तडकते, म्हणजे ती आधीपासूनच कच्ची होती आणि ज्याने मला ती विकली त्याला हे ठाऊक होतं, असं मी त्याच सकाळी ठरवून टाकलं. विकणारा साहेब केव्हाच विलायतेला परत गेला होता. त्याला जाब विचारता आला नाही याची हळहळ मला बरेच दिवस होती.

माझा स्वभावच तसा. दूधवाला उंचावरून धार सोडून मापात फेस भरतो, शिंपी उरलेलं कापड गिळतो, आणि डॉक्टर एका दिवसाचा ताप तीन बाटल्या पुरवतो, हे मी धरूनच चालतो. बायको म्हणायची, "अहो, देवळात तीर्थ दिलं तरी तुम्ही आधी वास घ्याल." ती थट्टा करत होती, पण मी खरोखरच घेत असे.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. पन्नास सालानंतरची ती चार-पाच वर्षं. भांडुपच्या बाजूला, आग्रा रोडला लागून एका विलायती कंपनीचा कारखाना होता आणि त्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी होतो. कारखान्याच्या मागे गोऱ्या साहेबांनी स्वतःसाठी स्क्वॉशचं कोर्ट बांधून घेतलं होतं. चार उंच पांढऱ्या भिंती, आत जायला एक बुटका दरवाजा, आणि समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी. दोघांनी आळीपाळीने काळा रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा, पत्र्याला लागला की ठण्ण वाजतो आणि मारणाऱ्याची पाळी संपते. ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट, आणि नऊला गेम. साहेब लोक एकेक करून मायदेशी जायला लागले तसं हे कोर्ट आम्हा देशी अधिकाऱ्यांना खुलं झालं. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत आम्ही तिथे घाम गाळायचो.

लहानपणापासून मी एकाही खेळात कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. क्रिकेटमध्ये मला कायम सीमारेषेपलीकडे, चेंडू शोधायला उभं करत. त्यामुळे तिशीत येऊन एक खेळ आपल्याला जमतो आहे असं वाटायला लागलं तेव्हा त्याची गोडी काही औरच होती. नवशिक्यांना मी सहज हरवायचो. वरच्या तीन-चार जणांकडून हरायचो, पण त्यांच्या रॅकेटी भारी होत्या. शिवाय मला एक मोठा आधार होता. मी मार्करला हरवायचो. रोज नव्हे, पण आठवड्यातून दोनदा तरी. आणि मार्करला हरवणारा माणूस कच्चा खेळाडू कसा असेल?

मार्कर म्हणजे कोर्टाचा नोकर. कोर्ट झाडणं, गुण मोजणं, रॅकेटच्या जाळीला नवी तात ओढून देणं, आणि ज्याला त्या दिवशी जोडीदार नसेल त्याच्याशी खेळणं, ही त्याची कामं. आमचा मार्कर मालवणकडचा होता. पंचेचाळिशी ओलांडलेला, सुकटीसारखा वाळलेला, कधी धापा न टाकणारा. तरुणपणी फोर्टातल्या एका जिमखान्यात गोऱ्यांच्या हाताखाली शिकला होता. माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा, पण सगळे त्याला अरेतुरे करत म्हणून मीही करायचो.

रॅकेट मोडल्यावर त्यानेच धोबी तलावच्या एका दुकानातून दोन रॅकेटी पसंतीसाठी आणल्या. एक जालंदरची, एक विलायती. दोन्ही दोन-दोन दिवस खेळून बघा, नको ती मी परत नेऊन देतो, म्हणाला. इतकं सौजन्य पाहिल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली नसती तरच नवल. दुकानदार त्याला काहीतरी देत असणार हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की कोणत्या रॅकेटवर जास्त देतो.

मंगळवारी मी जालंदरची घेऊन त्याच्याशी खेळलो. हाताला छान हलकी लागत होती, पण नऊ-चार असा सडकून हरलो. गुरुवारी विलायती घेतली. ती जराशी जड, मूठही जाड. तरी त्या दिवशी माझा चेंडू जिथे पाठवीन तिथे जात होता आणि मी नऊ-सात जिंकलो. मार्कर टॉवेलने मान पुसत म्हणाला, "ही तुमच्या हातात बसली, साहेब."

झालं. मी समजलो. ज्या रॅकेटवर याचा फायदा जास्त, ती माझ्या हातात असली की हा हरणार. मला जिंकवून माझ्याच हाताने माझी निवड करून घ्यायची, अशी ही युक्ती. चिडलो होतो, पण खरं सांगायचं तर खूषही होतो. दूधवाला आणि शिंपी माझ्या हातून कायम निसटले होते. हा सापडणार होता.

मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. शनिवारी सकाळी जालंदरची रॅकेट फिरवत कोर्टावर गेलो आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, "हीच ठेवली रे. काल दुकानात जाऊन पैसे भरून आलो." ते साफ खोटं होतं. तो क्षणभर रॅकेटकडे बघत राहिला. "बरं, साहेब," म्हणाला, आणि खेळायला उभा राहिला. मी त्याच जालंदरच्या रॅकेटने, मंगळवारी जिच्याने चारच्या पुढे गेलो नव्हतो तिने, नऊ-सात जिंकलो.

आता तो रंगेहाथ पकडला गेला होता. कोर्टाचा कारभार बघणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरीकडे तक्रार करायची एवढंच राहिलं होतं. पण तक्रारीला पुरावा हवा, म्हणून सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी धोबी तलावला गेलो. दुकानदार चष्म्यावरून बघत, तात गुंडाळत बसला होता. मी आडून आडून विचारत होतो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानेच सरळ सांगून टाकलं, "मार्करला आम्ही देतो ना. गिऱ्हाईक आणलं की देतो. रॅकेट कुठली का असेना, त्याला सारखंच. त्यात लपवायचं काय आहे?"

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि वर आधीच्या दोन-चार व्यवहारांची चिठ्ठी दाखवली. परतीच्या वाटेवर मला चैन पडेना. फायदा दोन्हीकडे सारखा, मग हा माणूस एका रॅकेटशी हरतो आणि दुसरीशी जिंकतो कशाला? आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी उलटं करतो कशाला? संशयाला कारण सापडलं नाही की माझं डोकं भणभणतं.

मंगळवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. तो कोर्टाच्या पायरीवर बसून कुणाच्यातरी रॅकेटला तात ओढत होता.

"खरं सांग," मी म्हणालो. "गेल्या मंगळवारी तू मुद्दाम जोर लावलास. आणि गुरुवारी मुद्दाम हरलास."

मला वाटलं तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "होय, साहेब."

"का?"

त्याने माझ्या हातातली जालंदरची रॅकेट मागून घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली आणि मला त्या रेषेत बघायला लावलं. चौकटीला एका बाजूने किंचित पीळ होता, पापड भाजताना कड उचलते तेवढाच. "लाकूड नीट सुकवलेलं नाय. एक पावसाळा गेला की वाकडी होतली."

"मग तोंडाने सांगायचंस."

"तोंडाने सांगितलं तर तुमका पटता काय, साहेब?" तो रागावला नव्हता. हातातली तात ओढतच बोलत होता. "गेल्या थंडीत मी म्हटलं, चेंडू आधी जरा मारून गरम करून घेवा, थंड चेंडू उठत नाय. तुम्ही विचारलंत, चेंडू लवकर झिजावा म्हणून सांगतोस काय. आणि महिनाभर थंड चेंडूने खेळलात. म्हणून म्हटलं, हातालाच कळू दे."

मला ते आठवत होतं. चांगलंच आठवत होतं.

"मग शनिवारी? तेव्हा तर हीच रॅकेट होती."

"तुम्ही म्हणालात, पैसे भरले. घेतलीच म्हटल्यावर तुमचा मन कित्याक मोडू?"

इथे एक कबुली द्यायला हवी. महिन्यातून एकदा आमच्या बड्या साहेबाला माझ्याशी खेळायची लहर यायची आणि मी त्याच्याकडून नऊ-सात हरायचो. नऊ-दोन नाही. त्याला घाम यावा, कस लागल्यासारखं वाटावं आणि तो शीळ घालत ऑफिसात जावा, इतपत. या कलेत मी स्वतःला तरबेज समजायचो. पण तीच कला कुणी माझ्यावर चालवत असेल, हे साऱ्या जगावर डोळा ठेवून असणाऱ्या मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"म्हणजे मी तुझ्याकडून जिंकलेले गेम," मी म्हणालो. "त्यातले खरे किती?"

त्याने तातेला गाठ मारली. मग म्हणाला, "साहेब, सेक्रेटरीसाहेबांना सांगू नका. गोऱ्यांच्या वेळेपासून असंच चालतं. साहेब रोज हरला तर खेळायला यायचा बंद होतो, मग मार्कर कशाला ठेवतील?"

त्याची नोकरी घालवायला निघालेला माणूस मीच होतो, फक्त पुराव्यासाठी थांबलेला. मला शरम वाटली. पण शरमेपेक्षा भीती मोठी होती, हेही सांगतो. एकच खेळ जमतो म्हणून मी छाती काढून चालत होतो आणि तोही जमत होता की नाही हे मला माहीत नव्हतं.

"एक गेम खरा खेळ माझ्याशी," मी म्हणालो.

"नको, साहेब."

"मी कुणाला काही बोलणार नाही. पण खरा खेळ."

त्याने तात बाजूला ठेवली. मग उठला, आतून विलायती रॅकेट आणली आणि माझ्या हातात दिली. "मग हीच घेवा." मी घेतली. डोळ्यासमोर आडवी धरून एकदा बघितलीच. ती सरळ होती.

जे झालं त्याला खेळ म्हणत नाहीत. तो कोर्टाच्या मधोमध उभा राहिला आणि तिथून फारसा हललाच नाही. मी मात्र या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत होतो. चेंडू मी पोचायच्या जरासा आधी खाली बसायचा. रोज मी ज्याच्याशी खेळायचो तो हा माणूस नव्हताच. सहा-शून्य झालं तेव्हा मला उभं राहून गुडघ्यांवर हात टेकावे लागले. आठ-शून्यला त्याचा एक चेंडू खाली राहून पत्र्याला लागला, ठण्ण, आणि सर्व्हिस माझ्याकडे आली. मी सर्व्ह केली, त्याने परतवली, मी जीव खाऊन मारला, आणि माझा चेंडू भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात पडून तसाच घरंगळत गेला. तो एक पाऊल पुढे आला होता. ते पाऊल उशिरा पडलं होतं. एकदाचा भोपळा फुटला. पुढच्या मिनिटात त्याने सर्व्हिस परत घेतली आणि नऊ-एक असा गेम संपवला.

भोंगा झाला. तो पायरीवर बसून विलायती रॅकेट, वाकू नये म्हणून, लाकडी पकडीत घालून पकडीचे चारही स्क्रू आवळत होता.

"तो एक," मी विचारलं. "तो खरा होता ना?"

"तो तुमचाच, साहेब," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

विलायती रॅकेट मी घेतली आणि खूप वर्षं वापरली. ती कधी वाकली नाही. रोजच्या खेळात तो पुन्हा अधूनमधून हरू लागला आणि मीही काही बोललो नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एक तरी मिळाला ना तुमच्या कष्टाचा?" मला हो म्हणता आलं नाही. मग काही वर्षांनी तो नोकरी सोडून गावी गेला. जायच्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, आम्ही मुलाबाळांचं, पावसापाण्याचं बोललो, आणि ते विचारणं माझ्या ओठांपर्यंत येऊन राहिलं. विचारून उपयोग नव्हता. तो पॉइंट माझा होता की नाही हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्याचं मी कधी खरं मानलं नव्हतं.