'ते' म्हणजे कोण?

शीलाच्या जिभेला हाड नाही, असं तिच्या सासरचं अख्खं पाचोड म्हणतं. नवऱ्याला ती भर आठवडी बाजारात "कृष्णा" म्हणून हाक मारते, तेव्हा सासू आशाबाई पदरात तोंड लपवते. अशी बाई शहराजवळच्या एका रबर कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराला बसली, म्हणजे बाकीच्यांचं कल्याणच.

तिचा हट्ट एकच. इंग्रजीत 'तो' किंवा 'ते' लिहिलं, की ते कोण हे आधी सांगा. साहेब लोकांच्या मेलमध्ये माणसं तीन अन् 'तो' सात असायचे. ती लिहिणाऱ्याला टेबलापाशी उभं करायची अन् विचारायची, ह्यातला जेवला कोण अन् भांडी कुणी घासली? लोक तिला लई टरकून असत.

मग भिकन नावाच्या कामगाराची दोन बोटं रबर दाबायच्या प्रेसमध्ये गेली. हात आत जाऊ नये म्हणून असलेली मशीनची जाळी उघडी ठेवून काम करायचा हुकूम मोठ्या साहेबांचा, म्हणजे रामहरी साहेबांचा होता. जाळी लावली की माल कमी निघतो म्हणून. परदेशी मालकांना रिपोर्ट जायचा होता. सुपरवायझर सांडूनं इंग्रजीत मजकूर लिहून आणला: 'त्यांनी जाळी उघडी ठेवायला सांगितली.' आदरापोटी गड्यानं साहेबांना इंग्रजीतही अनेकवचन दिलं होतं. मालकांना वाटणार, 'ते' म्हणजे कामगारच. मग भिकनची नोकरी गेलीच म्हणायची, अन् त्याच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाय.

शीलानं विचारलं, 'त्यांनी' म्हणजे कुणी? सांडूनं नुसतं केबिनकडं डोळ्यानं खुणावलं. नाव काय त्याच्या तोंडातून निघेना. मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये म्हणे! आरं, एकाची बोटं गेली अन् तुला संस्कार सुचतेत? शीला जाम भडकली. तिनं 'ते' खोडलं, 'रामहरी' टाइप केलं अन् कागद घेऊन थेट केबिनमध्ये गेली.

साहेब आधी गोड बोलले. आपण सगळे एकाच घरातले, 'ते'च राहू दे म्हणाले.

"साहेब, मराठीत तुम्ही कितीबी मोठे असा," शीला म्हणाली, "इंग्रजीत तुम्ही एकटेच असता."

साहेबांनी कागद तिच्याकडं परत सरकवला. मग म्हणाले, "ठीक आहे. मग हे लिहिलं कुणी, तेही खाली लिही."

बाई घाबरून माघार घेईल, असं त्यांना वाटलं. अन् ती घाबरलीच, खोटं कशाला बोला. नोकरीची गरज तिलाही होती. पण टेबलाशी येऊन तिनं खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं अन् मेल पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भिकनची नोकरी कायम, जाळीशिवाय मशीन बंद, साहेबांची चौकशी. शेवटी शीलाचे आभार मानले होते, पण मालकांनी तिला पुरुष समजून 'तो प्रामाणिक आहे' असं लिहिलं होतं. आता ही कुणाला फाडून खाते, म्हणून सगळं ऑफिस तिच्याकडं बघत राहिलं.

शीलानं कागद छापला, भिकनच्या धड हातात दिला अन् म्हणाली, "तुझं नाव नीट लिहिलंय. मला काय म्हणायचं ते म्हणू दे."