गुरुवारकट्टा

चाकणच्या कंपनीत माझी सुट्टी गुरुवारी. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची तीच. बायको आयटीत, तिची शनिवार-रविवार. लग्नाला तीन वर्षं झाली, रावेतच्या एकाच फ्लॅटमध्ये राहतो, पण दुपारचा चहा दोघांनी मिळून शेवटचा कधी घेतला ते आठवावं लागतं.

गुरुवारी अख्ख्या सोसायटीत वॉचमन आणि मी. एकदा तर कुणी भेटतंय का बघायला लिफ्टने उगाच खाली-वर करून आलो. भेटला तो मीटर बघायला आलेला माणूस, तोही घाईत. मी एकटा पडलोय, हे त्या दिवशी मान्य केलं.

मग ठरवलं, वेबसाइट काढायची. गुरुवारी मोकळ्या असणाऱ्यांनी ठिकाण, वेळ, नंबर आणि मनातलं एखादं वाक्य टाकायचं. ज्याला जमेल त्याने चहाला यायचं. व्हिडिओ बघून बघून दोन महिन्यांत जमवलं.

नावावरून मात्र घरात वाजलं. वेबसाइटचा पत्ता म्हणून नुसतं ‘गुरुवार’ कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. आत काहीच नाही, आमच्याकडे मोकळ्या प्लॉटला तारेचं कुंपण घालून ठेवतात तसं. जेवताना बायको म्हणाली, “सुट्टीकट्टा ठेव ना. सगळेच बसतील त्यात.”

मी म्हटलं, रविवारवाल्यांना सगळं जग मोकळं असतं, त्यांना कट्टा हवाय कशाला? ती ताट उचलून आत गेली. मी ‘गुरुवारकट्टा’ घेतलं, आणि वर हट्टाने अशी सोय केली की फॉर्ममध्ये दुसरा वार टाकला तर नोंद परत जाईल.

कंपनीत नवं मशीन आलं की नारळ फोडल्याशिवाय आम्ही बटण दाबत नाही. साइटचा सर्व्हर कुठल्या देशात होता देव जाणे, म्हणून मी नारळ लॅपटॉपसमोर फोडला आणि साइट चालू केली. एकट्याने प्रसाद किती खाणार? अर्धी वाटी बायकोसाठी फ्रिजमध्ये ठेवली.

नवा पत्ता सगळीकडे पोचायला काही तास लागतात म्हणे. मी दुपारभर पान उघडत राहिलो. भेटींचा आकडा वाढत होता, पण त्या सगळ्या माझ्याच. कंपनीच्या बसमध्ये सांगितलं, तर ‘भारी हाय राव’ म्हणून मंडळी खिडकीला डोकं टेकून झोपली. तीन आठवडे एकही नोंद आली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या गुरुवारी वाटलं, फॉर्मच बिघडला असेल. म्हणून परत गेलेल्या नोंदींची यादी उघडली. तीन होत्या. तिन्ही रविवारी टाकलेल्या, मी कामावर असताना. वार रविवार, ठिकाण रावेत, वेळ संध्याकाळी पाच. खाली एकच ओळ: ‘चहाला कुणीतरी हवं.’ तिन्हींवरचा नंबर मला पाठ होता.

तिन्ही वेळा तिला समोर माझंच वाक्य दिसलं असणार: ‘माफ करा, हा कट्टा फक्त गुरुवारवाल्यांचा आहे.’ ते लिहिताना मला हसू आलं होतं.