सिंहांकडे पाठ करून

शेजारच्या काकांबरोबर आफ्रिकेच्या जंगलात जातेय, असं मी नागपूरला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जावई येऊन राहिले का सोबत?"

"नाही. त्यांना सुट्टी नाही, पोरीची शाळा आहे. ते दोघं घरीच राहतील."

"म्हणजे परक्या म्हाताऱ्यासोबत तू एकटी? सिंह पाहायला?"

"पक्षी पाहायला, आई."

"पक्षी काय नागपुरात नाहीत?"

नागपुरात पक्षी होतेच. पण तिथे सव्वीस वर्षं राहून मी कधी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायला शिकवलं या काकांनी, तेही लंडनजवळच्या स्लाऊ गावात.

लग्नानंतर आम्ही इथे आलो. नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर. पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधारून यायचं, नवरा सातला यायचा आणि तोवर घरात बोलायला कुणी नसायचं. मी कुंपणावर शिळ्या पोळीचे तुकडे ठेवायची, निदान कावळा तरी येईल म्हणून. एके दिवशी पलीकडून पांढऱ्या भुवयांचे एक उंच गृहस्थ डोकावले. "अशाने उंदीर येतील हं," म्हणाले. मी ओशाळून तुकडे गोळा केले. अर्ध्या तासाने बेल वाजली. तेच गृहस्थ दारात उभे, हातात दाण्यांनी भरलेला फीडर. तो त्यांनी मागच्या झाडाला टांगला, आणि त्याच शनिवारी मला तळ्यावर घेऊन गेले. खडीच्या जुन्या खाणींत पाणी साचून झालेली ती तळी आमच्यापासून वीस मिनिटांवर आहेत. त्यांच्या बायकोचे गुडघे गेले होते, म्हणून तिची दुर्बीण माझ्या गळ्यात आली.

काकांनी उभा जन्म लंडनच्या बस चालवल्या होत्या. शिकवायचे मात्र मास्तरासारखे. "आधी ऐकायचं. डोळ्यांचं काम नंतर."

वर्षं गेली. मला नोकरी लागली, मुलगी झाली, काकांची बायको गेली. त्या दोघांचा आफ्रिकेचा बेत दरवर्षी पुढे ढकलला जात होता, तो राहूनच गेला. मग एक दिवस काका आमच्या स्वयंपाकघरात चहा पिताना म्हणाले, "मी जावं म्हणतोय. एकट्यानं जायचा धीर होत नाही. येशील?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा. त्या हिवाळ्यात तुला परत नागपूरला पाठवावं लागेल असं मला वाटलं होतं. तू टिकलीस ती यांच्यामुळे."

काकांना सोबत का हवी होती, ते मला माहीत होतं. गेली दोन वर्षं तळ्यावर झुडपांतून किलबिल चाललेली असायची आणि काका म्हणायचे, "आज सगळे गप्प आहेत." मोठे आवाज त्यांना कळत, बारीक आवाज हरवले होते. ते कबूल करत नव्हते आणि मी विषय काढत नव्हते.

जानेवारीत आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या त्या अभयारण्यात पोचलो. स्लाऊत गोठायला झालं होतं आणि इथे गवत माणसाएवढं वाढलेलं. उघड्या जीपमध्ये आमच्याबरोबर एक जर्मन जोडपं होतं. त्यांना फक्त सिंह हवा होता. आमची गाइड जवळच्याच गावातली, शांत स्वभावाची बाई. पहिल्याच सकाळी फांदीवर जांभळ्या छातीचा एक पक्षी दिसला आणि मी ओरडले, "नीलकंठ!" आपल्या नीलकंठाचाच भाऊबंद तो. गाइडनं त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला. तारेवर भिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या. त्या युरोपातून येतात, असं तिनं सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "मग यातल्या एखादीला आमचा बसस्टॉप ठाऊक असेल." पण पक्ष्यांसाठी जीप थांबली की जर्मन बाई सुस्कारा सोडायची.

तिसऱ्या सकाळी सिंह सापडले. गाइड ओल्या मातीतले ठसे बघत बघत गेली, आणि एका झाडाखाली दोन सिंहिणी, तीन बछडे. इतक्या जवळ की त्यांच्या पोटाचं वर-खाली होणं दिसत होतं. कुणी हलेना. अन् माझ्या पाठीमागून, झुडपातून, अगदी बारीक आवाज आला. त्सिप. थोड्या वेळाने पुन्हा त्सिप.

मी काकांच्या बाहीला हात लावला. "मागे. डावीकडे. ऐकलंत?"

काका माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "नाही गं. मला आता ऐकू येत नाही."

हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं.

मी सिंहांकडे पाठ केली. आवाज आला की बोट उचलायचं आणि त्या दिशेला धरायचं. काका माझं बोट बघून दुर्बीण सरकवत होते. चौथ्या की पाचव्या वेळेला त्यांचा हात थांबला. जमिनीलगतच्या फांदीवर अंगठ्याएवढा खंड्या होता. नारिंगी पोट, निळी पाठ, गालावर जांभळट झाक.

"आमच्या हिला हाच पाहायचा होता," काका म्हणाले. दुर्बीण खाली घेईनात. भिंगं पुसायला तरी घेतील असं वाटलं, पण नाही.

आमच्या पाठी पाहून जर्मन बाईला राहवेना. काकांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. ती खंड्या शोधत असतानाच सिंहीण उठली, एवढा मोठा जबडा उघडून जांभई दिली आणि पुन्हा आडवी झाली. ते बाईच्या नवऱ्याने पाहिलं, तिने नाही. पण ती नवऱ्याला म्हणाली, "असू दे, हा छोटा बघ आधी."

परतताना मी काकांना थँक्यू म्हणाले. इंग्लंडात बसमधून उतरताना प्रत्येकजण ड्रायव्हरला म्हणतो तो शब्द. इतक्या वर्षांत मी त्यांना तो नीट, ठरवून असा कधी म्हटलाच नव्हता. आपल्या माणसांना कोण म्हणतं?

काकांनी कानामागे हात नेला. "काय?"

"थँक्यू!"

"काय?"

मग मी इतक्या मोठ्याने ओरडले की गाइडनं जीप थांबवली. काय झालं, कोणता पक्षी, म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागले. काका मात्र हसत होते. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं की काय, ते अजून मला सांगत नाहीत.

परत आल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी स्वतःहून कानाच्या तपासणीची वेळ घेतली. मशीन लावून घरी आले त्या दुपारी आमच्या कुंपणावरून हाक आली. मी ओल्या हातांनीच बाहेर धावले.

"तुमच्या त्या कुकरची शिट्टी," काका म्हणाले, "रोजच इतकी जोरात होते?"