साभार डॉक्टर

नशिराबादला एका लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून म्हणाले, "भरीत झकास जमलंय, डॉक्टर."

डॉक्टरांनी शांतपणे घास गिळला आणि विचारलं, "कशावरून?"

यजमान गोंधळले. "सगळेच म्हणताहेत."

"जे म्हणत नाहीत, त्यांना विचारलंत का?"

शेजारी बसलेल्या काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नींनी, कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "यांनी आमची लग्नपत्रिका दुरुस्त करून माझ्या वडिलांकडे परत पाठवली नाही, हेच माझं नशीब."

डॉक्टर धुळ्याकडच्या आरोग्य केंद्रांतून नोकरी करून निवृत्त झाले आणि जळगावात एका ट्रस्टच्या त्रैमासिकाचे संपादक झाले. खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांनी केलेलं संशोधन प्रसिद्ध करणं, हा त्याचा उद्देश पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असे. आत मात्र शिबिरांच्या उद्घाटनाचे फोटो, हार घातलेले पाहुणे आणि लहान कुटुंबावरच्या मोठ्या कविता. मी मराठीची एम.ए.; मुद्रितं तपासायला आणि डॉक्टरमंडळींची मराठी सरळ करायला मला ठेवलेलं. ऑफिस छापखान्याच्या माडीवर होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर आमच्या कपातला चहा बशीत यायचा.

ट्रस्टचे अध्यक्ष होते नाना. शिरसोली रस्त्याला त्यांची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. माणूस दिलदार, पण फटकळ. डॉक्टर रुजू झाले त्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "हे मासिक तीन महिन्यांनी निघतं आणि कोणी वाचत नाही. वर्षभर बघू. प्रगती दिसली तर चालू, नाहीतर पाडव्याला बंद."

असं काम करायला मिळावं म्हणून डॉक्टर नोकरीभर तळमळले होते आणि मला तर पगाराची निकड होती. दोघांनीही कंबर कसली. मी कसली म्हणजे तालुक्यातालुक्याला पत्रं पाठवून लेख मागवले. डॉक्टरांनी कसली म्हणजे आलेले लेख परत पाठवायला सुरुवात केली.

लेख सगळे एका वळणाचे. अमुक औषध दिलं, सगळ्यांना गुण आला, वरिष्ठांच्या मार्गदर्शनाबद्दल आभार. डॉक्टर प्रत्येक लेख अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचे: "लेख मिळाला. सगळ्यांना गुण आला हे वाचून आनंद झाला. ज्यांना आला नाही, ते कुठे गेले? साभार परत." महिन्याभरात त्यांना सगळा जिल्हा साभार डॉक्टर म्हणायला लागला. भुसावळचे एक डॉक्टर तर परत आलेला लेख घेऊन तणतणत जिना चढून आले. "मी पंधरा वर्षं प्रॅक्टिस करतोय," ते म्हणाले.

"तेच तर. पंधरा वर्षांत तुमचं एकदाही चुकलं नाही? मग माझं ब्लडप्रेशर तुम्हीच बघत जा."

भुसावळकर आधी लाल झाले, मग हसले आणि चहा पिऊन गेले. लेख मात्र काही दिला नाही. पहिला अंक इतका बारीक निघाला की छापखान्याच्या मालकाने तो सर्कसच्या हँडबिलांच्या गठ्ठ्यात बांधून टाकला. मी हादरलेच. डॉक्टरांना म्हटलं, "सर, अशाने पाडव्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही आपण."

"लोक चुका लपवतात, कारण पहिला कोणी बोलत नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या अंकासाठी स्वतःच लिहायला बसले. पूर्वी एका गावात त्यांनी पावसाळाभर घरोघरी फिरून पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं होतं. गावाने ऐकलं आणि जुलाब काही थांबेनात. शेवटी एका म्हातारीच्या चुलीशी जाऊन बसले, तेव्हा ती म्हणाली, "बठ्ठं पानी उकाळं, डॉक्टर. पन इतलं गरम कसं पेवाई? मंग त्यामा माठनं गार पानी टाकं." सगळं गाव उकळलेल्या पाण्यात असंच माठातलं कच्चं पाणी मिसळत होतं. लेखाचा शेवट असा होता: "उकळा असे मी सांगितले. निवू द्या असे सांगायचे राहिले."

तो लेख छापला आणि धरण फुटल्यासारखं झालं. जामनेर तालुक्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी कळवलं की जुलाबासाठी वाटलेली जलसंजीवनीची पाकिटं सासवांनी जावई आल्यावर सरबत करायला राखून ठेवली आहेत. कोणाचं लसीकरण दवंडीने बुडालं होतं: दवंडी पिटली की आया पोरं घेऊन कपाशीत लपायच्या, दवंडी बंद केली, तेव्हा त्या घरी सापडल्या. भुसावळकरांनी तर स्वतःच्या चुकांची लेखमालाच धाडली. त्यातले दोन भाग परत गेले. "चूक चांगली आहे, पण तुमचीच कशावरून?" असं डॉक्टरांनी विचारलं होतं.

पौषात नानांचा लेख आला. फॅक्टरीतल्या बायकांना त्यांनी लोहाच्या गोळ्या वाटल्या होत्या आणि सगळ्या सुदृढ झाल्या होत्या. सोबत गोळ्या वाटतानाचा हसरा फोटो. डॉक्टरांनी कागद ओढला, तेव्हा मी पेनच धरलं. "सर, पाडवा तोंडावर आलाय. हा एक छापा. नोकरी माझीही आहे."

डॉक्टरांनी पेन माझ्या हातातून सोडवून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, नानांचा छापला तर भुसावळकरांना काय तोंड दाखवू?" आणि लिहिलं: "गोळ्या वाटल्या. खाल्ल्या कोणी? साभार परत."

नाना कडाडले, हे सांगायला नको. पण डोक्यात भुंगा शिरला. फॅक्टरीत जाऊन त्यांनी पहिल्यांदाच बायकांना विचारलं. बायका मुकादमाकडे बघायला लागल्या. मग मुकादमाने मान खाली घालून ऑफिसपुढच्या गुलाबाच्या कुंड्या दाखवल्या. माती उकरली, तर आत गोळ्याच गोळ्या. "उपाशी पोट गोळी लिधी ते मळमळ व्हस, नाना," एक अक्का म्हणाली. बायका पहाटे काही न खाता कामावर यायच्या, हे नानांना तिथे कळलं.

दुसरा लेख कुंड्यांवर होता. तोही परत गेला: "गुलाबांचे कळले. बायकांचे काय?" मग नानांनी सकाळी भाकरी आणि उसळ सुरू केली, जेवणानंतर गोळी सुरू केली आणि किती जणी टिकल्या, किती तरीही टाकतात, हे स्वतः बघायला लागले. इतकं होईतो पाडव्याची बैठक आली. एका विश्वस्तांनी सांगितलं की वर्षभर नुसत्या फजित्या छापून या त्रैमासिकाने जिल्ह्याची अब्रू घालवली आहे, तेव्हा ते आता बंद करावं. डॉक्टर छताकडे बघत होते.

"बंद?" नाना म्हणाले. "माझा लेख अजून पास व्हायचाय. तो छापल्याशिवाय कोण बंद करतो बघतो."

लेख पावसाळ्यात छापला, तोही फोटोशिवाय. त्रैमासिक पुढे कैक वर्षं चाललं.

थकल्यावर डॉक्टर धुळ्याला आपल्या घरी राहायला गेले आणि तिथेच वारले. शोकसभेला मी जळगावहून एसटीने गेले. वाटेत मला सारखं रडू येत होतं. पुढे मीही लिहू लागले होते; मला शाबासकी देणारे पुष्कळ भेटले. माझं लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस तो एकच होता. सभेत डॉक्टर लोक एकामागून एक उठले आणि आपला लेख सरांनी किती वेळा परत केला, ते छाती काढून सांगू लागले. भुसावळकरांनी सगळ्यांवर ताण केली. सभा हसत होती आणि डोळे पुसत होती.

शेवटी नानांना दोघांनी धरून उभं केलं. त्यांचं भाषण लिहून आणलेलं होतं, पण ते त्यांना वाचवेना.

"नवा लेख लिहिलाय," ते म्हणाले. "आता तो परत कोण पाठवणार?"