व्हीदाचं व्हीता

एर्मेस झेन्नारो व्हेनिसच्या भिंतींवर गल्ल्यांची नावं रंगवायचा. पांढऱ्या चुन्याचा चौकोन, काळी कड, आत काळी अक्षरं. आम्ही त्याला छोटी चादर म्हणतो. चाळीस वर्षं त्याने या चादरी घातल्या आणि चाळीस वर्षं एकेका अक्षरासाठी भांडला. बुजवलेल्या कालव्यावरच्या वाटेला कुणी नुसता रस्ता म्हटलं तरी शिडीवरून खाली उतरून त्याची हजेरी घ्यायचा. "खाली पाणी आहे. 'बुजवलेला कालवा' असं नावातच लिहिलंय, वाचता येत नाही?" त्याची बायको नोर्मा खिडकीतून म्हणायची, "अर्थ सांगून झाला असेल तर जेवायला या."

नोर्मा फेब्रुवारीत गेली. एर्मेस रडला नाही. रोज अकराला माझ्या दुकानात यायचा, पेलाभर वाईन प्यायचा आणि जायचा. मी पडले बडबडी, मला ते बघवेना. एकदा तरी हा माणूस कुणावर खेकसू दे, एवढंच मी मागत होते.

एप्रिलमध्ये रंगवायच्या नावांची यादी आली. तीत आमचाच बोळ होता, कॅले दे ला व्हीदा. आमच्या बोलीत व्हीदा म्हणजे द्राक्षाची वेल. बोळाला जिच्यावरून नाव पडलं ती वेल नोर्माच्या माहेरच्या अंगणात होती. यादी करणाऱ्या बाहेरच्या शहाण्याला वाटलं, या लोकांना शुद्ध लिहिता येत नाही. त्याने 'द'चा 'त' केला. व्हीता, म्हणजे शुद्ध इटालियनमध्ये आयुष्य.

आता होणार तमाशा, म्हणून मी खुशीत दारात येऊन उभी राहिले. एर्मेसने जुनं खरवडलं, चुना दिला, तो वाळेपर्यंत थांबला आणि 'त' रंगवायला घेतला.

"अरे एर्मेस, काय लिहितोयस? वेल आहे ती."

"कागदावर हेच आहे, रेनाता."

"कागद गेला खड्ड्यात. नोर्माने तुला शिडीसकट कालव्यात ढकललं असतं."

"हो, ढकललं असतं," तो म्हणाला आणि शेवटचं अक्षर पुरं केलं.

मग ब्रश धुतला आणि समोरच्या पायरीवर भिंतीकडे बघत बसला. बारा वाजले, एक वाजला. शेवटी मीच पेला घेऊन गेले आणि शेजारी टेकले.

"चूक आहे, मला माहीत आहे," तो म्हणाला. "मुद्दामच लिहिलं. म्हटलं, निदान याचा तरी राग येईल."

"मग?"

"नाही आला. अक्षरं मात्र सरळ आलीत."