हिलालभाऊंचं रोडटच घर

हिलालभाऊंनी नशिराबादच्या नव्या कॉलनीत घर घेतलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट पारखली: एसटीचा थांबा किती लांब. ते जळगावच्या कचेरीत कारकून, त्यामुळे अप-डाऊन रोजचंच. घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे बघायला उजेड लागतो आणि उजेडात भाऊ कधी घरी नसत. विकणारा शेठ 'रोडटच, दारातच रस्ता' म्हणाला आणि भाऊ विरघळले.

अमळनेरकडच्या गावाहून बायको मंजुळाबाई आली. पाठोपाठ धाकट्या भावाने जळणासाठी ट्रॅक्टरभर कपाशीच्या काड्या पाठवल्या. ड्रायव्हरने त्या थेट मागच्या दारावर ओतल्या आणि तो पसार झाला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, त्यामुळे ते जे अडलं ते अडलंच.

मंजुळाबाई पुढच्या ओट्यावर बसून राही. तिला दिसत ट्रक, दोन मरतुकडी कुत्री आणि शेजारच्या दारांवरची गंजकी कुलपं.

"आठे बोलाले एक मानूस नही," ती म्हणाली. "बठ्ठा घरस्ले कुलूप शे. संक्रांतलगून दखसू, मंग मी चालनी गावले."

"अगं, सगळ्याच घरांना कसं कुलूप असेल? माणसं असतील."

"मांगे बाया हासतस, तेवढ्याच."

"रेडिओ असेल कुणाचा तरी."

भाऊंनाही उलगडा होईना. रात्री थांब्यावर त्यांच्याबरोबर चांगली पाच-सहा माणसं उतरत, घरांच्या ओळीच्या टोकाशी जात आणि गडप होत. यांच्या बायका-पोरं कुठे राहतात? बायको गावी गेली, तर हे घर म्हणजे आपल्याला नुसती झोपायची धर्मशाळा, या विचाराने त्यांचं बसमध्येही पत्त्यांत लक्ष लागेना.

एका रविवारी संध्याकाळी कचेरीतली मंडळी नव्या घराचं भरीत खायला यायची होती. हिरवी वांगी आली. पण स्टोव्हवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणारा माणूस खानदेशात अजून जन्मायचाय. काड्या हव्यात म्हणून भाऊ ओळीला वळसा घालून मागे गेले आणि थबकले.

मागे गाव नांदत होतं. दारोदारी तुळशी, रांगोळ्या, नावाच्या पाट्या. बाया मेथी निवडत होत्या. गडप होणारे ते सगळे बनियनवर बसून दाढ्या करत होते. चुकून दुसऱ्याच कॉलनीत शिरलो, असं वाटून भाऊ मागे फिरले.

"भाऊ, कोना घर जानं शे?" झुंबरबाई नावाच्या एका बाईने विचारलं.

"माझ्याच. कुठलं ते बघतोय."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भाऊंनी काड्यांच्या ढिगाकडे बोट केलं.

"ते तर रिकामं शे," झुंबरबाई म्हणाली. "कोनी जळण टाकी गया."

तेवढ्यात ढिगामागचं दार आतून धडधडलं. "काड्या लयनात का?"

मग झुंबरबाईने समजावलं. रस्ता दक्षिणेला. यमाच्या दिशेला दार कोण ठेवतं? राहायला आल्या दिवशीच प्रत्येकाने पुढे कुलूप ठोकलं आणि मागच्या दाराला पुढचं केलं. दक्षिणेकडून कुणी ये-जा करत असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बायांनी बघता बघता ढीग बाजूला केला. मंजुळाबाई दारात आली, डोळे किलकिले करून उभी राहिली आणि मेथीची जुडी घेऊन बायांच्यात जाऊन बसली.

दुपारी भाऊंनी चाचरत विचारलं, "संक्रांतीला गावी जायचं ना?"

"येळ कोनाले शे? पुढलं दार बंद करा आजच."

"अगं, रोडटच म्हणून घेतलंय. संध्याकाळी कचेरीतली मंडळी येतील, त्यांना पत्ता काय सांगू?"

"सांगा, मंजुळाबाईनं घर कोठे शे, कोनाले बी इचारा."