आधी भांडी, मग रजिस्टर

डिगरसे मॅडम शाळेत आल्या की आधी चपला काढून स्वयंपाकखोलीत शिरायच्या. ऑफिसात खुर्ची मांडलेली असायची, टेबलावर रजिस्टरांची चळत असायची, हेडमास्तर दारात उभे असायचे. मॅडम त्यांना नमस्कार करून पुढे जायच्या आणि चुलीजवळ उकिडव्या बसायच्या. “आधी भांडे पाहू द्या. रजिस्टर कुठं पळून नाई जात,” असं म्हणायच्या.

सरकार गावात जो पैसा आणि धान्य पाठवतं, ते खरंच पोचतं का हे पाहणं त्यांचं काम. राहायच्या छिंदवाड्याला, माहेर पांढुर्ण्याचं, म्हणून मराठी आमच्यासारखीच बोलायच्या. उंच, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी. आमचं गाव लोधीखेड्याच्या पलीकडे आहे. सौंसरहून बसने यायच्या आणि फाट्यावरून पायी. प्रभाकरभाऊंनी गाडी पाठवतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. चहाही घेत नसत. आमच्याकडे चहाला नाही म्हटलं की माणसं दुखावतात. प्रभाकरभाऊंनी संत्र्यांची टोपली ठेवली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “भाऊ, संत्रे गोडच असतीन तुमचे. पन मी तुमचं काम तपासाले आली. ज्या दिवशी तुमच्या गावाशी माझं काम नाई राहनार, त्या दिवशी विकत घेऊन खाईन.”

प्रभाकरभाऊ म्हणजे शाळेत जेवण देणाऱ्या महिला समूहाच्या अध्यक्षांचे यजमान. सही बाईंची, कारभार भाऊंचा. मी रेखा, तिथे रसोइया, म्हणजे स्वयंपाक करणारी. डाळीची पोती भाऊंच्या घरी असायची आणि रोज सकाळी ते एक डबा भरून पाठवायचे. तेवढ्यात साठ मुलांची डाळ करायची म्हटल्यावर मी पाणी वाढवायची. डाळ ताटातून वाहायची. आयांनी तक्रार केली, तेव्हा भाऊंनी पाराजवळ सगळ्यांसमोर सांगितलं, “आमी तं पुरी डाळ देतो. रेखा पदरात बांधून नेते, मी काय करू?” मी तिथेच पाण्याची घागर घेऊन उभी होते. त्यानंतर बाया हापशीवर मला पाहून बोलणं थांबवू लागल्या. माझी मुलगी एक दिवस शाळेतून न जेवता घरी आली. ऑडिट झालं की मला काढायचं, हेही ठरलं होतं.

मॅडमना मी हे कसंबसं सांगितलं. वाटलं, बाई आहे, पाठीवर हात ठेवील. त्या पिशवीतून वही काढत म्हणाल्या, “ताई, मी तुमच्या बाजूनं नाई. भाऊच्याही बाजूनं नाई. तुमी डाळ नेली असन तं तुमचंही नाव लिहीन.” मला त्यांचा राग आला. घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले, तर चुलीवर एक भलामोठा गंज, म्हणजे डाळ शिजवायचं पातेलं. आमचा नेहमीचा जर्मनचा, अॅल्युमिनियमचा गंज गायब. रजिस्टरात एकशे दहा मुलं जेवतात असं होतं आणि धान्यही तेवढ्यांचंच उचललं जायचं. आमच्या गंजात एकशे दहांची डाळ मावत नाही, हे भाऊंच्या उशिरा लक्षात आलं होतं. ते मला म्हणाले, “विचारलं तं सांग, हाच आपला. दोन वर्षांपासून याच्यातच करून राहिली. मंग तुह्या कामाचं पाहू.”

मॅडम आल्या. गंजाभोवती फिरल्या. बाहेरून मातीचा लेप होता, चुलीवर ठेवताना आम्ही देतो तसा. पण आम्ही तो बुडाला देतो. हा थेट काठापर्यंत होता. “आग तं खाली असते. वर काहून लावला लेप?” त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, बाया आहेत, लावला असेल जास्त. मॅडमनी हात मागे बांधले. “मी हात लावला तं म्हनतीन मॅडमनंच काही केलं. हा रोज कोन घासते?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. दारात दहा-बारा आया जमल्या होत्या. हो म्हणायला सांगितलं होतं, नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी कोपऱ्यातली राख घेतली, काथ्या घेतला, पाण्याची बादली ओढली आणि गंज घासायला बसले. भाऊ “राहू दे, राहू दे” म्हणत पुढे आले. मॅडम म्हणाल्या, “घासू द्या. त्यांचं कामच आहे ते.”

माती सुटली. काठाखाली अक्षरं दिसली. आमच्याकडे देवाला भांडं दिलं की नाव कोरतातच. मॅडमनी एका आईला वाचायला लावलं. कोणीतरी आपल्या आईच्या स्मरणार्थ पांढुर्ण्याकडच्या एका देवळाला भंडाऱ्यासाठी दिलेला गंज होता तो. मागून एक म्हातारी बोलली, “बापा, देवळातला गंज पळवला का रे प्रभाकर?” हसू असं फुटलं की हेडमास्तरही तोंड फिरवून हसले.

मग आमचा गंज भाऊंच्या गोठ्यातून आला. मी त्यात पाण्याचे लोटे ओतत गेले आणि मॅडम मोजत गेल्या. भाऊंचा डबाही मापला. गंजात एकशे दहांची डाळ मावत नव्हती आणि डब्यातली साठांनाही पुरत नव्हती. तेवढ्यात जनपद पंचायतीच्या एका साहेबांचा फोन आला. भांडी पुरेशी आहेत असं लिहून टाका, असं ते म्हणत असावेत. मॅडम शांतपणे बोलल्या, “साहेब, तुमच्या हाताखाली असती तं लिहाच लागलं असतं. तुमच्या हाताखाली नाई, म्हनूनच तं मला धाडलं.” फोन पिशवीत ठेवून त्यांनी पुढचा लोटा मोजला.

जाताना मी हिंमत करून म्हटलं, रेखा इमानदार आहे एवढं लिहा. त्या म्हणाल्या, “तुमचा स्वभाव नाई तपासला मी. डाळ तपासली.”

ग्रामसभेत त्यांनी अहवाल आधी हिंदीत वाचला, मग मराठीत सांगितला. मी सगळ्यात मागे, खांबाला टेकून. “या खोलीत रोज एकच डबा डाळ येत होती आणि तेवढीच शिजत होती. बाकीची डाळ या खोलीत आलीच नाही. जे आलंच नाही, ते इथून कोनी नेऊ शकत नाही.” समूहाचं काम काढून घेण्याची शिफारस त्यांनी वाचली. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. समोरच्या सतरंजीवरच्या बाया सरकल्या आणि त्यांनी मधे जागा केली. मी इतक्या माणसांतून चालत गेले आणि तिथे बसले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पान उलटलं आणि पुढचा मुद्दा वाचला: “रसोइया स्वयंपाक करताना डोक्याले कपडा बांधत नाई.”

सभा हसली. मीही हसले. खरंच होतं ते.